नाक कुणाचं, खिसा कुणाचा?

ट्रकच्या केबिनमध्ये धुराचा वास येतोय, असं ड्रायव्हरने सांगितलं की मालकाचं उत्तर ठरलेलं असतं. ‘डिझेलची गाडी आहे, अत्तराचा वास येणार आहे का?’

झालं निदान.

मग इलाज सुरू. डॅशबोर्डवर देवाच्या फोटोपुढे उदबत्ती असतेच, तिथे आणखी दोन काड्या लागतात. आरशाला सुगंधी पुठ्ठा लटकतो. तेवढ्याने भागलं नाही तर काच खाली. रोग म्हशीला, औषध पखालीला. पखाल मात्र छान घमघमते.

आता ती काच खाली करायचीही पंचाईत. १ ऑक्टोबर २०२५ पासून कारखान्यातून निघणाऱ्या, एकूण वजन साडेतीन टनांच्या वर असलेल्या मालट्रकला एसी केबिन सक्तीची झाली. मसुद्यात तारीख १ जानेवारी होती. नऊ महिन्यांनी काय बिघडतं? उकडायला ड्रायव्हरला वेळच वेळ होता.

निर्णय चांगलाच आहे. मे महिन्यात चंद्रपूर ते नागपूर पत्र्याच्या केबिनमधून जाऊन बघा, म्हणजे तो नागपूरच्याच मंत्र्यांना का सुचला ते कळेल.

पण एसी म्हणजे काचा बंद, आणि काचा बंद म्हणजे आतली हवा आत. जुन्या खडखड्या केबिनमध्ये धूर एका भोकातून यायचा आणि दहा फटींतून जायचा. नव्या केबिनमध्ये तो येतो आणि मुक्काम करतो.

एसी केबिन नीट थंड होते की नाही हे तपासायला भारतीय मानक आहे, आयएस १४६१८. पाच-सात वर्षं खडखडल्यावर तिच्यात किती धूर शिरतो, हे कोण तपासतं?

ड्रायव्हर. फुप्फुसाने.

पीयूसी आहे की, असं कुणी म्हणेल. आहे ना. पीयूसीवाला सायलेन्सरच्या तोंडात नळी घालतो, ॲक्सिलरेटर दाबायला लावतो आणि धुराचा काळेपणा मोजतो. बीएस-४ गाडीला ५० हार्ट्रिज युनिटपर्यंत सगळं माफ. पण मोजला जातो तो सायलेन्सरच्या तोंडापर्यंत पोचलेला धूर. वाटेतच उतरलेल्या धुराची नोंद कुठल्याच सर्टिफिकेटवर नसते.

मग फिटनेस. नवी गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांतून एकदा, पुढे दरवर्षी. दिवे लागतात का, वायपर फिरतो का, हॉर्न वाजतो का. हॉर्न! आपल्याकडे ट्रकचा हॉर्न वाजतो की नाही हे बघायला निरीक्षक लागतो.

मोटार वाहन नियमांतही धुराची व्यवस्था आहे. तो खाली सोडायचा नाही, डावीकडे सोडायचा नाही. डावीकडे फुटपाथ, फुटपाथवर मतदार. सोडायचा तर उजवीकडे किंवा मागे. वर, म्हणजे थेट ड्रायव्हरच्या पायांशी सोडला तर? त्याबद्दल नियम मौन पाळतात.

वासच तर आहे, एवढं काय त्यात?

एवढंच, की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर पहिल्या गटात टाकला. माणसाला कर्करोग होतो याची खात्री पटलेल्या गोष्टींचा तो गट. तंबाखूही त्यातच बसते. तंबाखूच्या पुडीवर निदान भीतिदायक चित्र तरी छापतात. ट्रकवर ‘बुरी नजरवाले’ छापतात.

शिवाय वास येतो तो अर्धवट जळलेल्या डिझेलचा, अल्डिहाइडांचा, नायट्रोजन डायऑक्साइडचा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतोच. डिझेल इंजिन तो पेट्रोलपेक्षा बराच कमी सोडतं, हे खरं. पण कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा हा वायू दोनशे पटींहून जास्त प्रिय आहे. बंद केबिनमध्ये थोडा थोडा साठला की डोकं जड होतं, मळमळतं, झापड येते. ड्रायव्हर म्हणतो, झोप झाली नाही. मालक म्हणतो, रात्री बसला असेल.

उदबत्तीने वास दबतो. वायू दबत नाही. धुरात धुराची भर तेवढी पडते.

बरं, नाक तरी कुठे भरवशाचं? एकच वास सतत येत राहिला की ते थोड्याच वेळात तक्रार करायचं सोडून देतं. म्हणून विचारायचं असेल तर नुकत्याच चढलेल्या क्लीनरला विचारा. दारापाशी चहा घेऊन आलेल्या पोऱ्याला विचारा. ‘मला तर काही वास येत नाही बुवा,’ असं जो जुना ड्रायव्हर छातीठोकपणे सांगतो, त्याला आधी खाली उतरवून मोकळ्या हवेत उभं करा.

आणि मिस्त्री? ‘वास येतोय’ एवढं ऐकलं की तो पाना हातात घेतो. कसला वास, कधी येतो, हे विचारण्यात वेळ कोण घालवणार? पाना फिरवल्याचे पैसे मिळतात, प्रश्नाचे मिळत नाहीत.

खरं तर निम्मं निदान या दोन प्रश्नांतच आहे, आणि तेही फुकट. म्हणून तर त्याला किंमत नाही.

कसला वास? डोळे चुरचुरणारा, घशात खवखवणारा असेल तर धूर कुठून तरी गळतोय. मॅनिफोल्डचं पॅकिंग, टर्बोचा जॉइंट, नाहीतर सायलेन्सरआधीचा लवचीक पाइप. यातलं काहीही महागडं नसतं. महाग असतं ते मालकाला पटवणं.

कच्च्या डिझेलचा वास असेल तर सायलेन्सर सोडा, डिझेलचे पाइप आणि फिल्टर बघा. आणि लगेच बघा. डिझेल साधारण २१० अंशांच्या पुढे ठिणगीशिवायही पेट घेऊ शकतं, आणि माल भरून चढ चढणाऱ्या गाडीचा मॅनिफोल्ड त्याच्या कितीतरी पुढे गेलेला असतो. अशा वेळी देवापुढची उदबत्तीही आधी विझवा. देव समजून घेईल.

जळक्या ऑइलचा वास? टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलंय आणि ऑइल ठिपकत ठिपकत मॅनिफोल्डवर पडतंय. गोडसर वास? कूलंट. हीटर असलेल्या गाडीत ते थेट केबिनमध्येच गळतं आणि काचेच्या आतल्या बाजूला तेलकट वाफ धरते. ड्रायव्हर फडक्याने काच पुसत राहतो, कूलंट गळत राहतं. दोघांचंही काम चालू.

सडक्या अंड्यांचा वास आला तर धुराचा काही संबंध नाही. अल्टरनेटर बॅटरीला गरजेपेक्षा जास्त चार्ज करतोय. पण इतकं बघतो कोण? वास म्हणजे सायलेन्सर, हे ठरलेलंच आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर फाशीची मजुरी.

बीएस-६ गाड्यांनी या यादीत भर घातली. १ एप्रिल २०२० पासून जड गाड्यांना सरसकट युरिया आला, म्हणजे ३२.५ टक्के युरियाचं पाणी, जे धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडांचा निकाल लावतं. त्याची गळती झाली की सांध्यांवर पांढरे खडे जमतात आणि नाकात अमोनियाचा झणका जातो. ड्रायव्हरला वाटतं, कुणीतरी चाकापाशी उभं राहून गेलं. आपल्या महामार्गांवर हा संशय अगदीच निराधार नसतो, म्हणूनच निदान चुकतं.

याच गाड्यांत काजळीची जाळी स्वतःला अधूनमधून जाळून साफ करते. तेव्हा सहाशे अंशांच्या घरात उष्णता जाते आणि करपट वास येतो. तो बिघाड नव्हे. रोजच यायला लागला तर मात्र आहे. डॅशबोर्डवर त्याचा दिवाही लागतो. दिव्याचं काय करायचं, हे आपल्याला पक्कं माहीत आहे. चिकटपट्टी लावायची.

आता दुसरा प्रश्न. वास कधी येतो?

सकाळी गाडी सुरू केल्यावर येतो आणि तापल्यावर जातो? मॅनिफोल्डचं पॅकिंग. थंड असताना फट उघडी असते, लोखंड तापून फुगलं की ती मिटते. सकाळी कान दिला तर टिकटिक ऐकूही येते. पण गाडी गॅरेजला पोचते दुपारी, तापलेली. मिस्त्री म्हणतो, ‘कुठे काय? काहीच नाही.’ फट मिटलेली, प्रकरणही मिटलेलं.

चढाला, माल भरलेला असतानाच येतो? टर्बोच्या आधीचा सांधा. लोड वाढला की धुराचा दाब वाढतो आणि बारीक फटही फुंकू लागते. गॅरेजच्या दारात रिकाम्या गाडीवर तो वास कसा येणार? त्यासाठी मिस्त्रीने माल भरलेल्या गाडीतून घाट चढायला हवा. मिस्त्री स्कूटरवरून येतो.

उभ्या गाडीत येतो, धावताना जातो? इंजिनाचा पंखा गळलेला धूर मागे ढकलतोय, आणि धावती हवा तो वाहून नेतेय. उलट, धावतानाच, तेही काच उघडली की येतो? मग गाडीमागच्या आणि बाजूच्या पोकळीत घुटमळणारा धूर काचेतून आत ओढला जातोय. म्हणजे वास घालवायला काच उघडायची, आणि काचेतूनच वास आत घ्यायचा. आगीतून फुफाट्यात, तेही टोल भरून.

ब्लोअरने बाहेरची हवा घेतली की येतो? गळती त्या तोंडाजवळ आहे. आतली हवा आत फिरवली तरी येतोच? मग केबिनच्या तळाला भोक आहे.

आणि फक्त कसारा घाटाच्या रांगेतच येतो? तो पुढच्या ट्रकचा आहे. त्याच्या मालकालाही ड्रायव्हरने सांगितलेलं असणार. त्यालाही अत्तराचंच उत्तर मिळालेलं असणार.

एक तिसरं प्रकरण असतं, ज्याकडे भले भले काणाडोळा करतात. धूर सायलेन्सरच्या वाटेला न लागता इंजिनाच्या पोटात उतरतो आणि खालच्या नळीवाटे, ब्रीदरमधून, केबिनखाली सुटतो. चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण जपून सैल करा. भकभक धूर आला तर इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय. पिस्टनच्या रिंगा गेल्या, खर्च मोठा. तेव्हा झाकण परत लावलं जातं. घट्ट.

मोठ्या खर्चाला घाबरून हे चालतं म्हणावं, तर छोट्याचंही तेच. नोझलखाली तांब्याचा एक वायसर असतो. किरकोळ किमतीचा. तो बसेनासा झाला की प्रत्येक स्फोटाबरोबर थोडा धूर नोझलच्या बाजूने वर येतो, चुक चुक आवाज करतो आणि नोझलभोवती डांबरासारखा काळा थर जमवतो. टॉर्च मारली तर आंधळ्यालाही दिसावा. पण टॉर्च मारायला केबिन उलटवावी लागते, केबिन उलटवायला आतला स्टोव्ह, भांडी, अंथरूण बाहेर काढावं लागतं, आणि मग ‘पुढच्या खेपेला बघू’.

ती पुढची खेप अजून यायची आहे.

धूर गळतो ही निम्मी गोष्ट. तो आत का येतो, ही उरलेली निम्मी. कारखान्यातून निघालेल्या केबिनच्या तळाला जितकी भोकं असतात, त्यांना रबरी बुचं असतात. नंतरची भोकं आपली. म्युझिक सिस्टीमची वायर ओढायला एक, केबिनवरच्या रंगीत दिव्यांना एक, भोंग्याला एक. बूच बसवायचं ते राहून गेलं. दिवे लागतात ना? मग झालं.

गिअरच्या दांडीखालचं रबरी बूट बघा. घड्यांत चिरलेलं, एका बाजूने पट्टीतून सुटलेलं. त्यात गोणपाटाचा बोळा कोंबलेला. बोळा काढा, तो ऑइलने आणि काजळीने काळाकुट्ट झालेला दिसेल. एवढी काजळी बोळ्याने अडवली. न अडलेली कुठे गेली, ते शिंकताना रुमालात दिसतं.

जुन्या अनेक गाड्यांत तर हा प्रश्नच मिटवलेला आहे. इंजिन केबिनमध्येच, ड्रायव्हर आणि क्लीनरच्या मधोमध, एका पत्र्याच्या झाकणाखाली. झाकणाचं रबर केव्हाच विरून गेलेलं. वर गादी टाकून तिसरा माणूस बसतो. भाडं देऊन.

भोकं शोधायला काय लागतं? रात्र आणि टॉर्च. एकाने अंधाऱ्या केबिनमध्ये बसायचं, दुसऱ्याने खालून टॉर्च फिरवायची. जिथून उजेड येतो तिथून धूर येतो. यंत्र नको, लॅपटॉप नको, कंपनीचा इंजिनिअर नको. म्हणूनच बहुधा कुणाचा विश्वास बसत नाही.

गळती शोधायला? इंजिन थंड असताना जुन्या गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडातून टायरच्या कॉम्प्रेसरची हवा हलक्या दाबाने सोडायची आणि सांध्यांवर साबणाचं पाणी मारायचं. बुडबुडे आले, तिथे फट. पंक्चरवाल्याला हे ज्ञान जन्मापासून असतं. सायलेन्सरपर्यंत ते पोचलेलं नाही.

आणि ती उदबत्तीही कामाची आहे. डिझेलची गळती नाही याची आधी खात्री करा. मग इंजिन चालू ठेवून काडी केबिनमधल्या फटींजवळ, पेडलांपाशी, गिअरच्या बुटापाशी धरा. धूर तुमच्याकडे ढकलला गेला तर तिथून वारा आत येतोय. वर्षानुवर्षं जी काडी वास लपवत होती, तीच भोक दाखवते. पण ती खाली धरावी लागते, आणि आपण ती ओवाळण्यात गुंतलेले.

भोक सापडलं, गळती सापडली, की दुरुस्ती. इथे कल्पकतेला तोटा नाही. फुटलेल्या पाइपला पत्र्याची पट्टी. पट्टीवर तार. तारेवर एम-सील. एम-सील कशावरही चालतं अशी आपली श्रद्धा आहे. लाल होणाऱ्या मॅनिफोल्डची मात्र नाही. पहिल्याच घाटात ते करपतं, आणि मग धुराच्या वासात एम-सीलचाही वास येतो. निदान आणखी अवघड.

आता एसीचं पुढचं पान. गाडीचा एसी इंजिनवर चालतो. इंजिन बंद, एसी बंद. उरणच्या बंदराबाहेरच्या रांगेत, कळंबोलीच्या लोखंड बाजारात, मे महिन्याच्या रात्री, डासांत, ड्रायव्हर काय करणार? काचा लावणार, इंजिन चालू ठेवणार आणि झोपणार. गळकं पॅकिंग, उघडं भोक, उभी गाडी आणि झोपलेलं नाक. चारही गोष्टी एका केबिनमध्ये आल्या, तर गारवा उत्तम मिळेल. बाकीचं सकाळी.

कार्बन मोनॉक्साइडची धोक्याची घंटा बाजारात मिळते. एका टायरच्या पैशांत कितीतरी येतील. पण टायर फुटला तर माल अडकतो. ड्रायव्हर झोपला तर? दुसरा मिळतो. निदान मिळतो असा समज आहे. ड्रायव्हर मिळत नाहीत म्हणून रडणारे मालक मला तरी रोज भेटतात.

का मिळत नाहीत बरं?

सगळी मेख एकाच जागी आहे. वास येतो तो ड्रायव्हरला, पॅकिंगचे पैसे द्यायचे मालकाने. नाक एकाचं, खिसा दुसऱ्याचा. अशा ठिकाणी निदान कसं होणार? मालकाचं नाक ऑफिसात एसीखाली असतं, तिथे फक्त भाड्याचा वास येतो.

बरं, खिशाचं तरी नीट बघावं. टर्बोच्या आधी धूर गळला की टर्बोला फिरायला जोर मिळत नाही. टर्बो मंदावला की हवा कमी, पिकअप कमी. ड्रायव्हर ॲक्सिलरेटर आणखी दाबतो. डिझेल जास्त जातं, ॲव्हरेज पडतं. आता मात्र मालकाला लगेच वास येतो. कसला?

ड्रायव्हर डिझेल विकतोय याचा.

मग टाकीला कुलूप लागतं. सेन्सर बसतो. जीपीएस बसतं. पंपाच्या पावत्या तपासल्या जातात. पगारातून कापाकापी होते. ज्या माणसाने धूर गिळला, त्याच्याकडूनच धुरावाटे गेलेल्या डिझेलची वसुली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. इथे नाकही दाबलेलं असतं. आणि टाकीवर बसवलेल्या त्या सेन्सरच्या पैशांत मॅनिफोल्डचं पॅकिंग, नोझलचे वायसर, गिअरचं बूट आणि मूठभर रबरी बुचं आली असती. वर मिस्त्रीची मजुरीही सुटली असती.

हिशेब न कळण्याइतके मालक भोळे नाहीत. त्यांना फक्त वास कळत नाही. त्यावर औषध स्वस्त आहे. महिन्यातून एकदा मालकाने भिवंडीहून नाशिकपर्यंत आपल्याच ट्रकमधून, माल भरलेला असताना, काचा बंद ठेवून क्लीनरच्या सीटवर बसून जावं. उदबत्ती लावायची नाही.

पॅकिंगचे पैसे शहापूरलाच मंजूर होतील.